नितेशच्या गाडीची नीडल

१२ सप्टेंबर

ही डायरी नितेशची. कंपनी दर जानेवारीला कामगारांना एकेक देते आणि माझा भाऊ ती दर वर्षी कोरी ठेवायचा. कपाटात अशा किती पडल्यात. ही या वर्षाची, म्हणून घेतली.

लिहायला बसले कारण या घरात बोलायला कोणी उरलेलं नाही. आई बोलते, पण कोंबड्यांशी. माझा नवरा विनीत बोटीवर नोकरीला; रेंज मिळाली की फोन करतो आणि "जेवलीस का" विचारून ठेवतो. बाबा तर जुलैपासून गप्पच आहेत. लावणीला म्हणून नितेश लोट्याच्या कंपनीतून रजा काढून आला, चार दिवस चिखलात उभा राहिला, आणि ताप आला. लावणीचा ताप म्हणून आम्ही काढा देत बसलो. तो लेप्टो निघाला. वाडीतल्या लावण्या आटपायच्या आत तो गेला. लग्न व्हायचं होतं. मुली बघून बघून आम्ही थकलो होतो, तो नव्हता थकला.

मी चिपळुणातलं शिलाईचं दुकान बंद केलं, मशीन उचललं आणि माहेरी येऊन राहिले. बाराव्यानंतर बाबा पडवीत भिंतीकडे तोंड करून पडले, ते पडलेच. वाढलेलं ताट तसंच परत यायचं.

आज मात्र उठले. म्हणून आजची तारीख लिहिली. उठून सरळ पडवीच्या कोपऱ्यात गेले आणि नितेशच्या गाडीवरचं प्लास्टिक काढलं. गाडी मुळात बाबांचीच, एसटीच्या वर्कशॉपात होते तेव्हा घेतलेली. नंतर नितेशने चालवली. बाबांनी किका मारल्या. गाडी चालू झाली, खोकली, काळा धूर सोडला आणि ॲक्सिलरेटरची मूठ सोडताच बंद पडली. पुन्हा तेच. मग पान्हे काढून कार्बोरेटर खाली उतरवला आणि आईचा भाकरीच्या पिठाचा थाळा घेऊन त्यात खोलायला बसले. आई एक शब्द बोलली नाही. एरवी त्या थाळ्याला मी विचारल्याशिवाय हात लावला तर रामायण होतं.

दुपारी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि "वाढ" म्हणाले. मी चुलीपाशी तोंड फिरवून रडून घेतलं.

१५ सप्टेंबर

गाडी चालू झाली की बाबा सुधारणार. हे मी ठरवून टाकलंय. माणसाला काम संपवल्याचं समाधान लागतं.

आज मी जवळ बसून सगळं समजून घेतलं. कार्बोरेटरात एक पिस्टन वरखाली होतो आणि त्याला एक नीडल लटकते, बारीक, निमुळती, पितळेची. ती एका भोकात घुसते, त्याला जेट म्हणतात. त्या दोघांमधल्या फटीतून पेट्रोल वर जातं. इतकी वर्षं घासून नीडल झिजली, जेटचं भोक मोठं झालं, म्हणून पेट्रोल जास्त जातं आणि धूर येतो.

"मग नवी नीडल टाका," मी म्हटलं. माझ्या मशीनची सुई बोथट झाली की मी दुसरा विचार करत नाही.

बाबांनी चष्मा वर सरकवून नीडल माझ्या हातात दिली. "नख फिरव."

फिरवलं. वरच्या जाड अंगाला एका जागी खाच लागली.

"मूठ कमी पिळली, की नीडल खाली बुडलेली असते. मग हा जाड भाग घासतो. मूठ पुरी पिळली की ती वर येते, नि खालचं टोक घासतं. टोक बग. कोरं हाय. आपल्या पोरानं मूठ कदी पुरी पिळलीच नाय."

आणि का पिळली नाही, ते मला ठाऊक आहे. कामाला लागला त्या वर्षी घाटात पडून हात मोडून घेतला होता. आईने त्याचा बरा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला आणि "चाळीसच्या वर नेलीस तर माजं मेलेलं तोंड बगशील" म्हणाली. तेव्हापासून हा पठ्ठ्या चाळीसच्या आत. कंपनीची बस त्याला मागे टाकून जायची, आणि बसमधले त्याला चिडवायचे. म्हणजे आईच्या शपथेने नीडल झिजली! हसावं का रडावं. शेवटी तोंड बघायची पाळी आईवरच आली.

बाबांना एवढी बारीक माहिती आहे, पण उपाय करायचा म्हटलं की "बगू".

१७ सप्टेंबर

बाबांना घेऊन चिपळूणला गेले. वर्कशॉपातले त्यांचे जुने सोबती बाबल्याकाका, त्यांचं लेथ आहे. काकांनी नीडल उजेडात धरली आणि म्हणाले, "भिकाजी, पूर्ण किट बदल नि मोकळा हो. ही नीडल गेली."

बाबा म्हणाले, "जेट नवा कर. या नीडलीच्या मापाचा. नीडल हीच राहूदे."

"अरे झिजलेल्या नीडलीला नवा जेट? उलटं काम झालं ते."

"उलटं तर उलटं."

काकांनी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि लेथ चालू केलं. मला लाज वाटली. उसवलेल्या ब्लाउजला मापाची नवी बाई शोधून आणण्यातला प्रकार. एवढ्या लांब आलो होतो, तिथेच दोन पावलांवर नवं किट मिळत होतं.

येताना एसटीत मात्र बाबा खिडकीतून बाहेर बघत होते आणि घाटात म्हणाले, "हितं पडलेला तो." गाडी सोडून नितेशचा विषय दोन महिन्यांत त्यांनी पहिल्यांदाच काढला. मी पटकन दुसरं बोलायला लागले, त्यांना त्रास नको म्हणून.

२१ सप्टेंबर

चालली! नवा जेट बसवला, स्क्रू फिरवला, आणि गाडी उभ्या उभ्या छान चालत राहिली. थोडा धूर आहे, पण चालते. मी साखर वाटली.

२२ सप्टेंबर

सकाळी उठून बघते तर कार्बोरेटर पुन्हा थाळ्यात! म्हटलं, "बाबा, काल चालत होती ना?"

"थोडी मिशिंग हाय."

काही मिशिंग नव्हतं, मध्येच एकदाही अडखळली नव्हती. मी कानांनी ऐकलं होतं.

२५ सप्टेंबर

रोज हेच. खोलायचा, पुसायचा, नीडल हातात घेऊन बसायचं, जोडायचा, एक किक, बंद, पुन्हा उद्या. वय झालं, साधं काम जमेनासं झालंय आणि कबूल करवत नाही. पुरुषांचं हे असंच.

वर आई त्यांना सामील. सकाळची कामं टाकून कुळीथ निवडायच्या निमित्ताने शेजारी जाऊन बसते. आज मी आतून ऐकलं.

"नख लाव," बाबा म्हणाले.

आई मग म्हणाली, "लागलं."

"पयली पाळी असली की साडेपाचला निघायचा."

"डबा विसरायचा मेला. मी आपली कुंपनाच्या वयीपर्यंत धावायची."

"आवाज यायचा, वळनावर जाईपर्यंत."

"हां. मग मी दार लावून घ्यायची."

किती वेळ हेच चाललं होतं. सारखं तेच उगाळत बसलं तर जखम भरायची कधी? मला त्याची आठवण येत नाही का? माझ्या पाठीवरचा तो. शाळेत त्याचं बोट धरून मीच नेला. पण मी खाली मान घालून काम करते, टाका घालते आणि दोरा तोडते. दोरा तोडला नाही तर सगळं गुंतत जातं.

चिपळूणहून बायकांचे फोनावर फोन. दसरा-दिवाळीचे ब्लाउज कधी देणार म्हणून. बाबांना असं अर्धवट सोडून कशी जाऊ? काहीतरी मीच करायला हवं.

२८ सप्टेंबर

हायवेच्या नाक्यावर दीपकचं गॅरेज आहे. नितेशच्या वर्गातला. त्याला सांगून नवा कोरा कार्बोरेटर मागवला. पिस्टन, नीडल, जेट, सगळं नवीन. दसऱ्याला गाडीची पूजा असते, तेव्हा बाबांना एका किकमध्ये चालू करून दाखवायची. आईलाही सांगितलं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही.

बुधवारी बाबांचा मोतीबिंदू दाखवायचाय. आईला सोबत देते, रात्री दोघं चिपळुणात मावशीकडे राहतील आणि दसऱ्याच्या सकाळी येतील. तेवढ्यात सगळं उरकते. किती दिवसांनी मला काही करताना मजा वाटतेय!

१ ऑक्टोबर

उरकलं. दीपक आला, जुना काढला, नवा बसवला. एका किकमध्ये गाडी चालू, काय तो आवाज, धूर नावाला नाही. "ताई, आता दहा वर्षं बघायला नको," म्हणाला. मग डोळे पुसत होता. मी चहा दिला.

दसऱ्याला हत्यारांची पूजा, म्हणून मी बाबांचे सगळे पान्हे रॉकेलने धुतले, घासले, पाटावर ओळीने मांडले. पडवी सारवली. आईचा थाळा चिंचेने घासून लख्ख केला. जुना कार्बोरेटर, ते झिजलेले जेट, डब्यातले गंजलेले स्क्रू, सगळी कचरपट्टी एका पिशवीत भरली. दसऱ्याला घरात मोडकं ठेवू नये म्हणतात. दुपारी भंगारवाल्याचा टेंपो ओरडत आला तेव्हा देऊन टाकली. पडवी केवढी मोठी दिसायला लागली.

२ ऑक्टोबर, दसरा

गाडीला झेंडूचा हार घातला होता. बाबा आणि आई एसटीतून उतरून आले. मी बाबांना हाताला धरून नेलं. "मारा किक."

एकाच किकमध्ये चालू. बाबा कान देऊन ऐकत राहिले. मग वाकून खाली बघितलं, जिथे तो चकचकीत नवा कार्बोरेटर होता.

"जुना कुटं हाय?"

मी मोठ्या फुशारकीने सांगितलं. दीपक, दसरा, भंगारवाला, सगळं.

बाबा म्हणाले, "बरं केलंस." हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. "चांगली चालते गो," असंही म्हणाले. मग हात धुऊन पडवीत जाऊन बसले. आईने थाळा उचलला, उलटसुलट करून बघितला आणि आत गेली. पुरणपोळी केली होती मी. कोणी धड खाल्ली नाही. प्रवासाने थकली असतील. मी जरा खट्टू झाले, खोटं कशाला बोलू. निदान एक शाबासकी.

५ ऑक्टोबर

बाबा पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडलेत. काल जेवले नाहीत, आज चहासुद्धा नको. गाडी दारात उभी आहे आणि तिच्याकडे बघतही नाहीत.

मला राग आला. मी उभ्याने म्हटलं, "आता काय राहिलंय? झाली ना दुरुस्त?"

"झाली गो," भिंतीला म्हणाले.

७ ऑक्टोबर

आज आईने सांगितलं. विहिरीवर कपडे आपटता आपटता, माझ्याकडे न बघता.

"त्या नीडलीवर त्याचा हात होता."

मी म्हटलं, "कोणाचा?"

"कोनाचा काय. एवढी वर्सं त्यानं मूठ धरली, तेवढीच तिथं खाच पडली. पोराचे कपडे गेले बाराव्याला, अंथरूनपांघरून दिलं. फोटो काय, फोटो छापलेला असतो. ती खाच त्यानं स्वता केलेली. रोज तुजे बाबा मला म्हनायचे नख लाव. मी लावायची. मग आमी बोलायचो. बोलून झालं की जेवायला घ्यायचो."

मी तिथेच बसले. साबणाचं पाणी पायांवरून जात होतं.

"मला सांगायचं नाही का, आई?"

"तू किती हौसेनं केलंस. तुजे बाबा म्हनाले तिला काय बोलू नुको. तिचा पन भाऊ गेलाय."

काय केलं मी हे. काय केलं. त्यांना बरं करायला निघाले आणि त्यांच्या हातातून लेक काढून घेऊन भंगारात घातला. मी कापड ओळखते म्हणून मिरवते. कोपराला विरलेला सदरा कोणी आणला तर बघून सांगते, कुठला हात टेबलावर टेकतो हा माणूस. आणि घरात डोळ्यांसमोर होतं ते दिसलं नाही.

८ ऑक्टोबर

सकाळी दीपकला घेऊन लोट्याच्या पुढे भंगाराच्या वखारीत गेले. मालक भला माणूस, पण त्याने हातच जोडले. "ताई, माल आला की आम्ही फोडतो. ॲल्युमिनियम वेगळं, पितळ वेगळं. ॲल्युमिनियमची गाडी परवाच भरून गेली." दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी दिलेला कार्बोरेटर त्याच दिवशी फुटला होता.

पितळेचा मात्र ढीग होता. नळ, समया, पंपाचे तुकडे. त्यात गॅरेजवाल्यांकडून आलेल्या बारक्या मालाचा एक पत्र्याचा डबा, जेट आणि नीडलींनी भरलेला. सगळ्या सारख्या. मी उकिडवी बसून एकेक नीडल नखाने बघायला लागले, पण रडून रडून माझं नखच मला कळेना. मालक म्हणाला, "डबा घेऊन जा. घरी निवांत बघा."

दीपक म्हणाला, "ताई, काका ओळखतील." येताना मी डबा मांडीवर धरून बसले होते. दीपक गाडी हळू चालवत होता.

९ ऑक्टोबर

मिळाली!

सगळं नीट लिहून ठेवते. सकाळी मी बाबांच्या उशाशी डबा ठेवला आणि म्हटलं, "बाबा, मी चुकले. यात बघा." ते भिंतीकडून माझ्याकडे वळले. मग उठून बसले, चष्मा मागितला. आईने आपणहून थाळा आणून दिला. बाबांनी त्यात सगळ्या नीडली ओतल्या आणि एकेक उचलून, नख फिरवून, बाजूला ठेवायला लागले. मी समोर बसले होते. थाळ्यातल्या कमी होत गेल्या, बाजूचा ढीग वाढत गेला. शेवटची उचलली, नख लावलं, तीही बाजूला ठेवली. थाळा रिकामा झाला.

बाबांनी वर बघितलं. माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी काय दिसत असेन कोण जाणे. पदर तोंडात कोंबला होता एवढं आठवतं. मग त्यांनी हात पुढे करून बाजूच्या ढिगातली एक परत उचलली.

"ही," म्हणाले. "मगाशी नजरेतनं सुटली बग. मोतीबिंदू."

मी ओरडलेच. हिसकावून घेतली आणि नख फिरवलं. खाच होती, चांगली खोल! पण ती टोकाला होती, खालच्या बारीक अंगाला.

"बाबा, ही तर टोकाला झिजलेय. तुम्ही म्हणालात टोक कोरं आहे?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. "तवा नीट दिसलं नसंल मला."

"म्हणजे मूठ पुरी पिळायचा की काय हा?"

"असंल. पोरगाच तो. मोकळा रस्ता मिळाल्यावर कोन थांबतंय."

मला एकदम हसू फुटलं. किती दिवसांनी! चाळीस म्हणे! आम्हाला सगळ्यांना फसवून पळवायचा! आई दारात उभी होती. मी नीडल तिच्यापुढे धरली. "आई, नख लाव. तुझ्या लाडक्याने शपथ मोडली होती बघ. मेलेलं तोंड वगैरे काही नाही, भुंगाट जायचा."

आईने नख लावलं. बाबांकडे बघितलं. बाबा थाळ्यात बघत होते. पुन्हा एकदा लावलं.

"हां," म्हणाली. "हीच."

"मग? रागावली नाहीस?"

"मोडली असंल शपत. आता काय रागवू त्याला." तिचे डोळे भरून आले आणि ती कोंबड्यांना दाणे घालायला मागे निघून गेली. इतकं आनंदाने रडताना मी तिला कधी बघितलं नव्हतं.

मला वाटलं होतं बाबा नीडल उशाखाली ठेवतील. पण त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि वरून माझी मूठ बंद केली. "तुज्याकडं ठेव. तुज्या मशीनच्या खनात. नि उद्या चिपळुनाला जा. बाया खोळंबल्या असतील."

"आणि तुम्ही?"

"आमाला कापनी हाय."

बसून दोन घास जेवले, माझ्यासमोर, मी बघतेय हे बघून. दुपारनंतर विळा घेऊन आईबरोबर खालच्या मळ्यात गेले, नितेशने लावलेलं भात कापायला. चालताना आईने त्यांचा हात धरला होता. त्यांना तसं मी कधी बघितलं नव्हतं.

मी बॅग भरली. नीडल खणात ठेवली, आधी पुन्हा एकदा नख फिरवून घेतलं. इतके दिवस डोळे मिटले की मला तो खाटेवरचा, पिवळा पडलेला दिसायचा. आज दिसला तो लोट्याच्या सपाट रस्त्यावर, मूठ पुरी पिळलेली, शर्ट फुगलेला, कंपनीची बस मागे पडलेली. एकदा तरी तो तसा गेला होता, हे कळलं, फार बरं झालं.